नत्र, स्फुरद आणि आमचे आबा

भट्टीतून निघालेला ठोकळा निवला की आबा आधी तो सूर्याकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आरपार बघायचे. मधाच्या पोळ्यासारखी शेकडो भोकं असलेला चिनी मातीचा ठोकळा. सगळ्या भोकांतून उजेड दिसला की म्हणायचे, "वाट मोकळी हाय. जाऊ द्या फुडं." एखादं भोक बुजलेलं निघालं, तर दहावीला नापास झालेल्या नातवाकडे बघावं तसं त्या ठोकळ्याकडे बघायचे.

बारामतीच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना छोटा. मोठ्या भट्ट्यांच्या धुरातला विषारी वायू मारणारे ठोकळे आम्ही बनवतो. त्यांच्यावर सेरियम नावाच्या दुर्मिळ मातीचा लेप असतो. गरम धूर आणि थोडा अमोनिया त्या भोकांतून गेला की विषारी वायू जातो आणि साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तेवढी उरते. बाजारातले नेहमीचे ठोकळे फार उष्णतेत मान टाकतात. आमचे तिथंही टिकावेत यासाठी मालकांनी सहा वर्षं घातली होती. लेप मी तयार करायची, आणि ठोकळे भाजायचे आबा.

मी डाळजची, नवी एम.एस्सी., आणि त्याचा ताठा माझ्या नाकावर लिहिलेला. पहिल्याच दिवशी मी आबांना फळ्यावर धुरातला नायट्रोजन ऑक्साइड समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नत्र म्हणा की, म्याडम. आमी उसाला पोत्यानं टाकतो, आन् तुमी धुरातनं काढताय."

दुर्मिळ मातीचं ऐकून तर ते खो खो हसले. "माती आन् दुर्मिळ? येक डाव आमच्या पिंपळीला या. ट्रॉली भरून देतो."

भट्टीला उत्तम तापमापक होता, पण आबा झरोक्यातून आतला रंग बघून आच कमीजास्त करायचे. मी टोकलं की उत्तर ठरलेलं, "मीटर खरं बोलतंय, पर उशिरा बोलतंय." मला राग यायचा. जास्त राग याचा यायचा, की ते बहुतेक वेळा बरोबर असायचे.

त्या वर्षी ठोकळ्यांची अखेरची चाचणी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होती. पुण्याहून गिऱ्हाईक कंपनीचे साहेब येणार होते. जमलं तर काम सुरू, नाहीतर हा विभाग बंद, असं मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं. आबांनी नऊ ठोकळे असे भाजले, की माझ्यासुद्धा तोंडून "वा" निघालं. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत ते नऊच्या नऊ मांडले, हळदकुंकू, झेंडू, सगळं यथासांग झालं.

साहेब यायच्या चार दिवस आधी आम्ही घरच्या घरी चाचणी घेतली. धुरातल्या विषारी वायूचा आकडा खाली येईना. एकेक ठोकळा वेगळा तपासला, तर पाच उत्तम आणि चार ठार मेलेले.

मालक आबांना लागेल असं बोलले. "आच जास्त झाली. आबा, आता डोळ्यांवर भरवसा ठेवायचं वय राहिलं नाही तुमचं. भट्टीवर दुसरा माणूस बघतो."

आणि मी गप्प राहिले. भट्टी चुकली असेल, असं मलाही वाटलं होतं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

आबा दुपारी डबा न उघडता प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले.

"म्याडम, ह्यो ठोकळा आचंबिगर आनखी कशानं मरतो?"

मी सांगायचं म्हणून सांगितलं, "धुरातल्या राखेनं मरतो. उसाच्या चिपाडाच्या राखेत पोटॅशियम असतं ना, ते लेपावर बसलं की संपलं."

"पोटॅशियम म्हंजी पालाश?"

"हो, पालाश."

आबांनी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाले, "नारळाच्या झाडाला समद्यात जास्त पालाश लागतं. मग नारळाच्या पान्यात काय असंल?"

मी हातातली नळी खाली ठेवून त्यांच्याकडे वळले.

"पूजेत फुडच्या वळीत चारच व्हते. नारळ मीच फोडला. यश येऊ दे म्हणून सगळं पानी त्येंच्यावरच वतलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भट्टी न्हाय चुकली, म्याडम. माजा हात चुकला."

नत्र, स्फुरद, पालाश ही पिकांची खतं आमच्याकडे शाळेआधी बांधावर शिकतात. मीही तिथंच शिकले होते, पण पदवी घेताना ते बांधावरच ठेवून आले. तपासलं, तर त्या चारही ठोकळ्यांत पोटॅशियम खच्चून निघालं. आबा तसेच मालकांकडे गेले आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगून आले. मी ठोकळे सौम्य आम्लात धुतले, वाळवले, आणि ते पुन्हा भाजायला आबांच्याच हातात दिले. या वेळी मालकांनी ना दुसरा माणूस बघितला, ना मीटर.

साहेब आले. भट्टी लालभडक तापली होती. यंत्रावरचा आकडा हलला, घसरला, आणि तळाला जाऊन चिकटला. साहेबांनी यंत्र बिघडलं समजून त्यावर टिचकी मारली. आकडा तिथंच! आणखी आच वाढवायला लावली, तरी तिथंच! आम्ही पोरंसोरं असल्यासारखे ओरडलो. मालकांनी आबांना कडकडून मिठी मारली, आणि आबांची टोपी खाली पडली. आबांनी यंत्राकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"आकडा तुमी बघा," ते मला म्हणाले, "मी तोंडं बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाशी नारळाचं रोप लावलं. तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीचा नारळ फाटकाबाहेर फुटतो. आबा पाणी तांब्यात धरायचे, त्या रोपाच्या मुळाशी ओतायचे आणि म्हणायचे, "घे बाबा, तुजं तुला."

या उन्हाळ्यात पिंपळीला आबा गेले.

परवा खंडेनवमी झाली. फाटकात ठोकळ्यांनी भरलेला ट्रक उभा होता. नारळ कोणी फोडायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते, तेव्हा मालकांनी तो माझ्या हातात दिला. मी फोडला, पाणी तांब्यात धरलं. झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. मुळाशी पाणी ओतलं, आणि शिकल्यासवरल्या तोंडातून आपोआप निघालं, "घे बाबा, तुजं तुला."

मग मी ट्रकवरच्या उघड्या पेटीतला एक ठोकळा उचलून सूर्याकडे धरला. वाट मोकळी होती. ट्रक जाऊ दिला.