शुभाताईने पाहिलेली स्थळं

शुभाताई गेल्याचं तिच्या भावाने, अरुणदादांनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी सारसोळ्याच्या बाजारात सुरमईसाठी घासाघीस करत होते. चहा गॅसवर ठेवून ती खुर्चीत टेकली ती उठलीच नाही. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तिचा राग आला. नव्या कामावर आता कुठे बाईंचं बस्तान बसत होतं... आणि ही कुणाला न सांगता निघून गेली. तशी ती कुठेही न सांगताच जायची म्हणा.

महाप्याच्या आमच्या कंपनीत शुभाताई कोबोलवाली होती. बँकांचे जुने प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलेले असतात, ती भाषा. दोन वर्षांपूर्वी एक दिवस मेल आला की कोबोलचं काम बंद होतंय, प्रत्येकाने एक नवी स्किल निवडून तिची परीक्षा द्यावी, न देणाऱ्यांचं 'पुढे बघू'. आमच्या धंद्यात 'पुढे बघू' म्हणजे हातात नारळ. पन्नाशीला टेकलेल्या एकट्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? आम्ही बाकीच्यांनी दुपारच्या आत निवडून टाकलं. मी तर शेजारच्याने ज्यावर टिक केलं त्यावरच टिक केलं. शुभाताई मात्र म्हणाली, "असं कसं? आधी स्थळ बघायला नको?"

मला वाटलं, गंमत करतेय. कसली गंमत! पुढच्या रविवारी सकाळी ती मला घेऊन सानपाड्याला निघाली. तिची पद्धत ठरलेली होती. आधी कळवायचं नाही, कळवलं की लोक घर आवरून ठेवतात. आणि "मुलाला काय विचारायचं? तो गोडच बोलणार. त्याच्याबरोबर नांदतात त्यांना विचारायचं." म्हणजे प्रोग्रामर सोडून प्रोग्रामरच्या बायकोला.

आमचा जुना सहकारी कदम जावावाला, म्हणजे जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिणारा. त्याने टॉवेलवरच दार उघडलं आणि "ताई, जावा म्हणजे एकदम सॉलिड..." असं सुरू केलं, तोवर ताई वहिनींकडे किचनमध्ये पोचलीसुद्धा. परतीच्या रिक्षात निकाल लागला. "घराणं खानदानी आहे गं, पण गोतावळा फार. चमचा हलवायचा तर दहा जणांची परवानगी. मला नाही झेपायचं."

नंतर खारघरला माझा मावसभाऊ निनाद. त्याचं काम क्लाउडचं, म्हणजे कंपन्यांना दुसऱ्यांचे कॉम्प्युटर भाड्याने वापरायला लावायचं. आम्ही गेलो तेव्हा तो बर्म्युडावर, कानाला हेडफोन लावून कुणावर तरी ओरडत होता. पोहे थंडगार. त्याची बायको मृणाल म्हणाली, "ताई, आमच्याकडे बाळ झोपलं की सर्व्हर उठतो." शुभाताईने मान डोलावली. "थाटमाट भारी," ती खाली आल्यावर म्हणाली, "पण घर भाड्याचं." मशीनकडून प्रोग्राम लिहून घेणाऱ्या एका मुलाकडेही गेलो. त्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून ताईने त्याच्या आईची उलटतपासणी घेतली. निकाल: "हुशार आहे, पण माहीत नसलं तरी छातीठोकपणे सांगतो. असले मी खूप बघितलेत." पायथन ही भाषा तर तिने यादीतच घेतली नव्हती. गावभरातून मागणी असलेल्या स्थळामागे आपण कशाला धावा?

शेवटची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा मी भडकले. "ताई, तुला टेन्शन नाही येत? नोकरी जाईल तुझी!"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "रश्मी, चिपळूणला असताना मला किती जण बघून गेले असतील... साडी नेसायची, ट्रे घेऊन बाहेर यायचं. 'कळवतो' म्हणायचे आणि जायचे. लोकांना वाटतं, मी स्थळं नाकारली. अगं, मला कुणी विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बघतेय. जरा बघू दे की नीट!"

मी मटार सोलायला घेतले. 

शेवटी पायथनच ठरलं, तेही शेवटच्या दिवशी. यादी संपल्यावर नाइलाजाने गाठलेल्या वाशीच्या एका पायथनवाल्याची बायको म्हणाली होती, "हे काय करतात ते मला कळत नाही, पण जेवायला घरी असतात आणि जेवताना बोलतात." ताई म्हणाली, "बस, हाच. गर्दीचं बघून घेऊ." पायथनमध्ये ओळीची सुरुवात एक घर सरकली तरी प्रोग्राम अडतो. तिला ते फार आवडलं. "आमच्या आईसारखी आहे. रांगोळीचा ठिपका हलला तरी ओरडायची." एवढं गूळपीठ जमूनही पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या. "सुरुवातीला रुसवेफुगवे चालायचेच," म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी काठावर का होईना, पास झाली. नोकरी टिकली. हाताखालून गेलेल्या पोरांच्या हाताखाली ती आनंदाने कामाला लागली.

तेराव्याला तिच्या नेरूळच्या घरी गेले, तर अरुणदादांनी एक फोटो फ्रेम करून आणलेला. स्टुडिओतला. काठपदराची साडी, बाजूला प्लास्टिकची फुलं, नजर खाली. प्रत्येक पत्रिकेबरोबर जायचा तोच. "हाच एक चांगला आहे तिचा," दादा म्हणाले.

मी मोबाइलमधला दाखवला. ती पास झाल्याच्या दिवशी कँटीनमध्ये काढलेला. तोंडात बटाटेवडा कोंबलेला, हनुवटीला चटणी, आणि बोट माझ्यावर रोखून काहीतरी सुनावणं चाललेलं.

"अगं, हा भिंतीवर? लोक काय म्हणतील?"

मोठ्यांना मी उलट बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "दादा, तो स्टुडिओतला लोकांना दाखवायला काढलेला. आता कुणाला पसंत पडायचंय तिला?"

 दादा चष्मा काढून पुसत बसले.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. हॉलमध्ये वडा खाणारी शुभाताई लागली आहे. हाराने हनुवटीवरची चटणी झाकली जात होती, म्हणून दादांनी तो जरा बाजूला सारलाय.