आत काय हाय, ते आधी सांगा

सुजाता कुठलंही यंत्र हातात घेण्याआधी स्टूल पुढं सरकवायची. गिऱ्हाईक बिल शोधत असायचं, पिशवीतून वायरी काढत असायचं, आणि ती म्हणायची, "बसा. आत काय काय हाय, ते आधी सांगा." लेबलवर कंपनी दिसते, नंबर दिसतो, तारीख दिसते, आत काय आहे ते कुणी छापत नाही, असं तिचं म्हणणं. मग माणसं बसायची आणि सांगत सुटायची. लेकीचे गॅदरिंगचे नाच, शेताच्या मोजणीचे नकाशे, काय काय. एका रिटायर मास्तरांनी बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत म्हणून सांगितलं आणि त्यातले दोन प्रश्न आम्हालाच विचारले. ती सगळं एका लांबड्या वहीत लिहून घ्यायची. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जायचं. मी मागं स्क्रू फिरवत ते ऐकायचो आणि जळायचो. सात वर्षांत मला कुणी काही सांगितलं नव्हतं. अर्थात मीही कुणाला विचारलं नव्हतं, पण हे आता सुचतं.

मी भंडारा जिल्ह्यातला, तुमसरच्या पुढच्या एका खेड्यातला. नववीत शाळा सोडली. रस्त्याच्या कडेनं केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर धाराशिवला आलो, आणि टोळी पुढं गेली तेव्हा तापानं पडून मागं राहिलो. ज्या दुकानाच्या पायरीवर पडलो होतो त्याच्या मालकांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, मला दवाखान्यात नेलं, माळ्यावर झोपायला जागा दिली आणि बरा झाल्यावर हातात पेचकस दिला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्या माणसाचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. आणि त्यामुळंच की काय, हे आपल्याला कधी जा म्हणतील याची धास्ती मला रोज वाटायची. भाऊ मला 'नागपूर' म्हणत, कारण भंडारा नागपूरच्या पुढं कुठंतरी आहे एवढंच त्यांना ठाऊक. हळूहळू सगळी गल्लीच नागपूर म्हणू लागली. सुजातानं कामाला आल्या दिवशी विचारलं, "दादा, तुमचं घरातलं नाव काय?" मी रेवाराम म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती रेवादादा म्हणायची. चांगलंच होतं की. पण मला वाटलं, पहिल्याच दिवशी हिनं माझं नावसुद्धा ताब्यात घेतलं.

ती तेरची. वडील शाळेत शिपाई, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणारी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली हिच्या पुस्तकांची फळी, एवढंच आमचं घर, असं ती सांगायची. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. मला तिच्या पदवीचा हेवा वाटायचा, इंग्रजीचा वाटायचा, गिऱ्हाईक आल्या आल्या "मॅडम कुठंयत?" म्हणायचं त्याचा तर फारच. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो तिच्या साडेपाचच्या गाडीचा. साडेपाचला वही मिटून ती तेरच्या गाडीला जायची आणि तासाभरात स्वतःच्या घरी पोचायची. मी माळ्यावर चढायचो. डब्यात आईच्या हातचे धपाटे आणायची, त्यात एक माझ्यासाठी जास्तीचं. ते मी खायचो, आणि खाता खाता जळायचो.

कंपनीला फोन लावायचं काम पूर्वी माझं होतं. माझं दोन मिनिटांत भांडण व्हायचं आणि फोन कट व्हायचा. सुजाता आधी पलीकडच्याचं नाव विचारायची, ते वहीत लिहायची, वार आणि वेळ लिहायची. "नाव विचारलं की माणूस नीट बोलतंय," असं म्हणायची. दुसऱ्या दिवशी फोन लावून, काल साडेअकराला तुमच्याकडचे अमुक सर असं बोलले होते, म्हटलं की पलीकडचा माणूस एकदम सरळ यायचा. हे इतकं साधं होतं की मला का सुचलं नाही, या विचारानं मी आणखी चिडायचो.

माझं एक गुपित होतं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आकडे यायचे. वॉरंटीची तक्रार नोंदवायला कंपन्यांच्या साइटवर कुठलं बटण कुठं असतं आणि त्याचा रंग कोणता, ते मी पाठ केलं होतं. तिसरा डबा नंबरचा, खाली चौकोनात टिक, मग हिरवं बटण. एखाद्या कंपनीनं साइट बदलली की माझं काम बंद. मग मी गिऱ्हाइकाला सांगायचो, आज सर्व्हर डाऊन आहे. सुजाता आल्यावर आठवडाभरात तिच्या हे ध्यानात आलं असणार. मी सर्व्हर डाऊन म्हणालो की ती उठून चहा सांगायला जायची, आणि परत येऊन सहज म्हणायची, "बघते, आता चालू झाला का." एका शब्दानं कधी बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचासुद्धा मला राग होता.

बालाजी फोटोग्राफर आला तो गुरुवार. हा परंड्याकडच्या सोनारीचा. लग्नं, बारशी, भैरवनाथाची यात्रा, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा. सुजाता सरकारी नोकरीच्या परीक्षेला संभाजीनगरला गेली होती, शुक्रवारी येणार होती. बालाजीनं "मॅडम न्हाईत व्हय?" म्हणून विचारलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मी आहे की. त्याची हार्ड डिस्क जोडली तर आतून टकटक आवाज. चालायची, अडखळायची, थांबायची. वॉरंटी होती, पण शनिवारी संपत होती. आत पाच लग्नं होती आणि एकाचीही दुसरी कॉपी नव्हती.

"त्यातल्या एका जोडीच्या बारशाची ऑर्डर आलीया," बालाजी म्हणाला, "आन् लग्नाचा अल्बम अजून माझ्याकडंच हाय. ही लग्नं गेली तर मला गावात तोंड दावायला जागा न्हाय."

दुपारपर्यंत दोन लग्नं आमच्या कॉम्प्युटरवर उतरली. तिसऱ्याला डिस्क इतकी रेंगाळायला लागली की स्क्रीनवर आणखी आठ दिवस दिसू लागले. आठ दिवस कुठून आणायचे? शनिवारच्या आत डिस्क कंपनीला पाठवली नाही तर बदलून मिळणार नाही, असं मी धरून चाललो होतो. मग मला एक युक्तिवाद सुचला आणि मी स्वतःवरच खूश झालो. सिमकार्ड बदललं तरी नंबर तोच राहतो; तसं कंपनीही जुन्या डिस्कमधलं नव्या डिस्कमध्ये घालून देत असणार. आमच्याकडून आजवर बदलायला गेल्या त्या सगळ्या दुकानांतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या डिस्का. त्यातलं जुनं चित्रण परत कुणाला हवं असायचं? म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. उरलेली तीन लग्नं कंपनी घालून देईल, असं मी बालाजीला छातीठोक सांगितलं. तो हात जोडून गेला. मी नंबर टाकला, चौकोनात टिक केली, हिरवं बटण दाबलं, तक्रारीचा नंबर आला, फॉर्म छापून घेतला आणि पार्सल कुरिअरला देऊन आलो. फार बरं वाटत होतं. ती यायच्या आत काम झालेलं होतं.

सकाळी ती आली तेव्हा मीच कौतुकानं सांगितलं. तिनं नेहमीचंच विचारलं, आत काय होतं. मी पाच लग्नं म्हणालो. किती उतरली, तर दोन. तिनं छापलेला फॉर्म ओढून घेतला, चौकोनाशेजारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवलं: आतली माहिती परत मिळणार नाही, हे मला मान्य आहे. "टिक तुमचीच हाय, दादा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी बालाजी आठवला नाही, माळ्यावरची माझी वळकटी आठवली. आता ही गुंडाळावी लागणार.

भाऊ अजून यायचे होते. तिनं त्यांची स्कूटी काढली, मी मागं बसलो. कुरिअरचं ऑफिस बसस्टँडच्या मागं. पार्सलांचा थैला शिवून झाला होता, गाडी अकराला निघणार होती. तिथला माणूस वैतागला. काल पाठवायची घाई, आज परत पाहिजे. थैला फोडायचा तर रजिस्टरला कारण लिहावं लागतं, काय लिहू? मी सुजाताकडं बघितलं. ती बोलली की काम होणार, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "पार्सल दादांच्या नावानं हाय. कारण तेच सांगतील."

भिंतीवर घड्याळ होतं ते आठवतं. मी म्हणालो, "लिहा. पाठवणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नाही. न वाचता पाठवलं."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, आणि तेही तिच्यासमोर. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग रजिस्टरमध्ये 'पत्ता चुकला' असं लिहिलं आणि ब्लेडनं थैला उसवला.

दुकानात येऊन तिनं कंपनीला फोन लावला. आधी नाव विचारलं. मग कळलं की शनिवारचा आणि डिस्क पाठवण्याचा संबंधच नव्हता. तक्रार वॉरंटी चालू असताना नोंदली गेली की झालं; डिस्क पाठवायला पुढं तीन आठवडे मिळतात. म्हणजे मी केलेल्या सगळ्या घोळात तेवढं एक हिरवं बटण बरोबर दाबलं गेलं होतं. भाऊ आल्यावर मी सगळं सांगायला तोंड उघडलं. पार्सलचं सांगितलं, न वाचता टिक केल्याचं सांगितलं. भाऊंचा चेहरा बदलू लागला तशी सुजाता म्हणाली, "भाऊ, रेवादादांनी कालच तक्रार नोंदवली म्हणून वॉरंटी वाचली. मी असते तर आधी कॉपीच करत बसले असते." ते खरंही होतं आणि नव्हतंही. भाऊ म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि चहा मागवला. मी वळकटीचा विचार सोडला. पण त्या दिवशी तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. हुशारी एखाद्याकडं असते, आपल्याकडं नसते, हे समजू शकतं. चांगुलपणा तर माझ्याकडंही असू शकला असता.

पुढचे आठ दिवस ती डिस्क टेबलफॅनच्या वाऱ्यात पडून होती. सुजाता ती थोडी चालवायची, मग थांबवायची. "दमवू नका तिला, दम खाऊ द्या," म्हणायची. हात लावून गरम लागली की बंद करायचं काम माझं. त्या रिकाम्या वेळात तिनं वही माझ्यापुढं ठेवली. फॉर्ममधली एक ओळ ती वाचायची, अर्थ सांगायची, आणि मी ती ओळ इंग्रजीत बघून काढायची आणि खाली मराठीत लिहायची. शिकवते, असं तिनं कधी म्हटलं नाही. फॉर्म दुकानाला लागतो, एवढंच म्हणाली.

चार लग्नं पूर्ण वाचली. पाचव्याची हळद गेली. बालाजीला तू सांग, असं मी तिला म्हणालो. ती स्टूल सरकवून उठून गेली, म्हणजे मीच सांगायचं होतं. मी सगळं सांगितलं, कंपनी लग्नं घालून देईल हे माझंच डोकं होतं तेही. बालाजीनं कुठल्या जोडीची हळद ते विचारलं. बारशाच्या ऑर्डरवाल्यांचीच. "मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "पोरगं झालंय, आता हळद कोण बघतंय. अक्षता हाईत ना?" होत्या.

बदललेली डिस्क आली तेव्हा तिच्या लेबलवरचा शब्द मी अडखळत, पण माझा मी वाचला. दुरुस्त करून तपासलेली. बालाजी कुरकुरला, नवी का नाही म्हणून. सुजाता म्हणाली, "चालतीय ना? मग दोन ठिकाणी ठेवा बरं का लग्नं आता."

वर्ष झालं असेल, त्या परीक्षेतून तिला नोकरी लागली. नेमणूक कुठं, तर भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या कचेरीत. भाऊ हसून म्हणाले, "नागपूर, तुझ्याकडंच चालली की रं ही." मी हसलो. चार वर्षं मी घरी गेलो नव्हतो. काय तोंडानं जायचं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडायचा आणि उन्हाळा निघून जायचा. मी ज्या गावासाठी झुरत होतो तिथं सरकार हिला ऑर्डर काढून पाठवत होतं. हेव्याला काही मर्यादा असते का?

शेवटच्या दिवशी तिनं जुनी वही दुकानाला दिली. मग स्टूल ओढून, गिऱ्हाईक बसतं तशी माझ्यासमोर बसली आणि नवी वही उघडली. "रेवादादा, भंडाऱ्यात काय काय हाय, ते आधी सांगा."

मी सांगायला लागलो. धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, तलाव, पहाटे वेचलेली मोहाची फुलं, बोलताना शेवटी 'जी' लावणारी माणसं. आईचा दुखरा गुडघा. नववीत इंग्रजीच्या तासाला उभं करून वाचायला लावलं, सगळा वर्ग हसला आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही, तेही सांगितलं. ती लिहीत होती. साडेपाच वाजून गेले. मी गाडीची आठवण केली तर म्हणाली, "जाऊ द्या, साडेसहाची हाय." त्या एका दिवशी तिची गाडी माझ्यामुळं चुकली. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. "तुह्या दुकानातली पोरगी आली होती, बाप्पा. जेवून गेली. म्हणे, आई, रेवादादा लहानपणी कसे होते ते सांगा. मी सारं सांगतलं तिले."

मी विचारलं, सारं म्हणजे काय सांगितलंस?

"ते तिच्या वहीत हाये," आई म्हणाली. "तू येशील तं तुलेबी सांगीन."

आता दुकानात स्टूल मी सरकवतो. गिऱ्हाईक आलं की आत काय आहे ते आधी विचारतो, आणि लोक मलाही सांगतात. पण माझ्या घराबद्दल माझ्यापेक्षा एक पान जास्त सुजाताच्या वहीत आहे, तेवढं मात्र मला सहन होत नाही. भाऊंकडं रजा मागितली आहे. सोमवारी निघतोय.