धागा धरून बसलेलं प्रथिन

फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या त्या प्रयोगशाळेत ओदिलला सगळे धोबीण म्हणत, आणि तिला ते कौतुकच वाटे. विषाणूचा आरएनए म्हणजे एक लांबलचक धागा. त्याला गुंडाळून सांभाळणाऱ्या प्रथिनाची घडण शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. हे प्रथिन ती जिवाणूंच्या पोटात तयार करून घेई. तिथे विषाणूचा धागा नसला, की ते मेलं जिवाणूंचाच आरएनए घट्ट धरून बसायचं. ओदिलच्या लेखी ती घाण. ती निघेपर्यंत ओदिल धूत बसे, मग स्वच्छ प्रथिनाचे थेंब स्फटिक धरण्यासाठी ठेवी, आणि दर वेळी थेंबात नुसता गाळ साचे. स्फटिक नाही तर घडण दिसणार नाही, एवढं साधं होतं ते.

गेल्या वर्षी एकदा स्फटिक दिसले. तिने सगळ्यांना बोलावून शॅम्पेन उघडली, आणि क्ष-किरणांखाली ते निघालं मीठ. तेव्हापासून जेवताना कोणी मीठ मागितलं की सगळे तिच्याकडे बघत. प्रमुख पेरिये मात्र हसले नाहीत. या हिवाळ्यात जमलं नाही तर काम बंद, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

ओदिलचं डोकंच फिरलं. तिने एक खेप न धुताच लावली. धरलंय ना, धरू दे मेल्याला.

आणि त्याच थेंबांत स्फटिक आले. या खेपेला तिने फक्त शेजारच्या बाकावरच्या रेमीला सांगितलं.

"सुई टोच," तो म्हणाला. "मीठ असेल तर कडकन फुटेल."

"आणि प्रथिन असेल तर हातचा स्फटिक जाईल."

"जाऊ दे की. पुन्हा तोंडघशी पडण्यापेक्षा बरं."

सगळ्यांत लहान स्फटिक निवडून तिने सूक्ष्मदर्शकाखाली सुई टेकवली. स्फटिक फुटला नाही, भाताच्या शितासारखा मऊ दबला. ओदिलच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि ती तिथेच स्टुलावर बसून रडली.

उरलेल्या स्फटिकांतून क्ष-किरणांनी सगळं दाखवलं. प्रथिनाचे दोन भाग धाग्यावर जबड्यासारखे मिटलेले, आणि असं एकेक प्रथिन शेजारच्याला धरून गोल रिंगणात उभं. धागा काढला की दोन्ही भाग सैल लोंबकळणार आणि स्फटिक धरणारच नाही, हे आता उघड दिसत होतं. पेरियेंनी काम चालू ठेवायला सांगितलं.

ओदिल पडद्यावरच्या रिंगणाकडे बघत राहिली. मग रेमीला म्हणाली, "इतकी वर्षं मी याच्या हातातलं काढून घेत होते रे, आणि वर याच्यावरच ओरडत होते, नीट उभं राहा म्हणून."