बिनशिशाचं पेट्रोल आणि चौदा पानं

पहिला पगार झाला त्या महिन्यात मला काहीही सुचत होतं. हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी लागली होती. गळ्यात फोटोचं कार्ड होतं आणि ते मी कोथिंबीर आणायला जातानाही काढत नसे. वारज्याहून हडपसरला कंपनीची बस होती, गार हवेची, मऊ खुर्च्यांची. सगळे तिचं कौतुक करायचे. मला ती बस नको होती, मला बाबांची मोटारसायकल हवी होती.

मोटारसायकल आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती. दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. किक आणि गिअर एकाच दांडीला, त्यामुळे परक्या माणसाला ती सुरूच करता यायची नाही. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. तिला ते रोज पुसायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. चौदा एप्रिलला हँडलला निळा झेंडा बांधून निघायचे तेव्हा मात्र मला पुढे टाकीवर बसवायचे. त्या दिवशी माझ्याएवढं महत्त्वाचं माणूस पुण्यात दुसरं नसे.

मग शिसं मिसळलेलं पेट्रोल बंद झालं आणि बाबांनी गाडी उभी केली. "हे नवीन पेट्रोल हिला सोसायचं नाही," ते म्हणाले. "इंजिन जळेल. सरकारने जुन्या गाड्यांचा विचारच केलेला नाही." सरकारी नोकरच सरकारबद्दल असं बोलतो म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना ते पटलं. अशी दोन वर्षं गेली.

आई मूळची नागपूरकडची. एरवी पुणेरी बोलायची, पण चिडली की तिचा सूर सरळ विदर्भात जायचा. त्या सोमवारी ती म्हणाली, "रविवारी भंगारवाला येऊन राहिला. मले जिन्याखालची जागा मोकळी पाहिजे." बाबा वर्तमानपत्र उलटं करून पुन्हा वाचू लागले. मी म्हटलं, रविवारच्या आत हिला चालेल असं पेट्रोल शोधून दाखवते, आणि चालली तर गाडी माझी. आई हसली. बाबा म्हणाले, "बघ बाई, जमतंय का."

आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जगातला कुठलाही प्रश्न इंटरनेटवर बसलं की सुटतो अशी माझी पक्की खात्री होती, आणि ऑफिसात इंटरनेट फुकट होतं. दोन दिवस जेवणाची सुट्टी मी त्यात घातली. परदेशातले निवृत्त म्हातारे जुन्या मोटारसायकलींबद्दल तावातावाने भांडत होते, ते मी भान हरपून वाचलं. शिसं गेल्यामुळे व्हॉल्व्हची बैठक झिजते म्हणे. मग कुणी म्हणे भारी ऑक्टेनचं पेट्रोल घाला, कुणी म्हणे शिशाऐवजी अमुक औषध घाला. चौदा पानं छापली, पिवळ्या पेनाने रंगवली. एक्सेलमध्ये तक्ता केला. शेजारच्या काकांनी थोडं रॉकेल मिसळायचा सल्ला दिला होता, तोही मी तक्त्यात घेतला आणि लाल रंगाने बाद केला.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून चौदाच्या चौदा पानं वाचली. "ही व्हॉल्व्हची बैठक म्हणजे नक्की काय?" त्यांनी विचारलं. मी वाटी आणली, तिच्यावर झाकण ठेवलं, उघडझाप करून दाखवली. झाकण आपटून वाटीची कड कशी झिजते ते सांगताना माझा आवाज वर्गातल्या बाईंसारखा झाला होता. "असं होय," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती वाटी स्वतः धुऊन ठेवली. माझा निर्णय झाला होता: पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल, आणि लिटरला एक झाकण औषध. औषधाची बाटली मी नाना पेठेत तीन दुकानं पालथी घालून मिळवली.

शनिवारी सकाळी गाडी टेम्पोत घातली आणि बाबा नि मी कसबा पेठेत त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. गल्लीत टेम्पो शिरेना, तेव्हा शेवटचं अंतर गाडी ढकलत नेली. मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर कागद धरले, बाटली ठेवली आणि व्हॉल्व्हचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. चहा संपवला, कप विसळला.

"ताई, शिक्षण किती झालं आपलं?"

"बी.ई. कॉम्प्युटर."

"छान. हे घ्या पाने, आणि हिच्यातला एक व्हॉल्व्ह काढून दाखवा मला. आज दुकान तुमचं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा गणपतीच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नसतात ताई," मिस्त्री म्हणाले. "जे नाहीच ते झिजणार कसं? ती बाटली परत करा, फोडली नसेल तर. हिला साधं पेट्रोल पाहिजे. महाग घालून ती काय जास्त गोड बोलणार नाही. फक्त लिटरला चाळीस मिली ऑइल, मोजून, अंदाजपंचे नाही. आधी ऑइल, मग पेट्रोल, आणि गाडी हलवायची. ऑइल कमी पडलं तर मात्र पिस्टन धरेल, इंजिन जाम, मग माझ्याकडे यायचंच आहे." मग त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. दोन वर्षांचं पेट्रोल नासलं होतं. खरं दुखणं ते, आणि त्यामुळे चोंदलेला कार्ब्युरेटर.

मला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. चौदा पानं, वाटी, झाकण, लाल रंगातलं रॉकेल. हसता हसता एकदम लक्षात आलं आणि मी हसायची थांबले. वीस-बावीस वर्षं या माणसाने ही गाडी चालवली, दर रविवारी हिचं इंजिन उघडलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"तू एवढं छापून आणलंस. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

"मग दोन वर्षं पेट्रोलचं काय सांगत होतात?"

बाबांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "किक बसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. गुडघ्याचं सांगितलं असतं तर तुझ्या आईने त्याच आठवड्यात गाडी विकायला लावली असती. सरकारवर ढकललं, म्हणून राहिली." ते हे नेहमीच्या आवाजात म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी इतकं भरून आलं की मी मिस्त्रींच्या पान्यांची पेटी उगाचच आवरायला लागले.

चार वाजता मिस्त्रींनी डबाभर ताजं पेट्रोल घातलं. माझ्या पहिल्या सहा किका वाया गेल्या. सातवीला गाडीने असा धूर सोडला की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मी नाचायचीच बाकी राहिले. मी पुढे बसले आणि बाबांची वाट बघत राहिले. त्या गाडीवर ते आजवर कधी मागे बसले नव्हते. एक पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात आला, जड.

गल्लीतून बाहेर पडून नदी ओलांडेपर्यंत मी ओरडून गप्पा मारत होते आणि ते मागून "सेकंड, आता सेकंड" एवढंच म्हणत होते. डेक्कनच्या पुढे पंपावर गाडी घातली. पंपावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलंही नाही, बाबांना विचारलं, "काका, किती टाकू? ऑइल किती?"

बाबा हळूच उतरले, बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यांना विचारा. गाडी त्यांची आहे."

आणि मला, चौदा पानं पाठ असलेल्या बाईला, चाळीस हा आकडा काही केल्या आठवेना.