मरण्यात तरबेज फुसाएबाई

"हिला एक शब्द बोलू दिला ना, की माझ्या पिक्चरचा बट्ट्याबोळ! चेहरा गोड आहे, पण आवाज ऐकलात? गंजलेलं सरकतं दार!"

"मोरिझुमीसाहेब, दाराला तेल घालता येतं," विग विंचरता विंचरता ओकिझूमामा म्हणाले. "द्या की पोरीला एखादं वाक्य."

"मरते छान. मरू दे!"

दिग्दर्शक आणि विगवाल्याचं हे भांडण फुसाएनं पडद्याआडून ऐकलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. क्योतोच्या उझुमासातली, चटया शिवणाऱ्याची लेक. रडली नाही. रडावं, तर तोंडाला फासलेला पांढरा रंग ओघळला असता. पण मनाशी म्हणाली, एक ना एक दिवस पडद्यावर बोलून दाखवीन.

आणि लागली मरायला. तलवारीच्या पिक्चरांचा सुकाळ होता. सकाळी मोलकरीण म्हणून मेली, दुपारी भात खाऊन सरदाराची दासी म्हणून, संध्याकाळी दरोडेखोराची बायको म्हणून. तलवार काही अंगाला लागत नाही, चांगली हातभर लांबून जाते. पडणाऱ्यानंच वेळ साधायची. पातं सुळ्ळकन निघालं, की फुसाए गिरकी घेऊन आडवी! नाकावर चतुर येऊन बसला तरी हलायची नाही. थेटरात तिची आई तिला तळपायांवरून ओळखायची.

अशी एकोणीस वर्षं गेली. मोरिझुमीसाहेब टीव्हीच्या मालिका करायला लागले, आणि ओकिझूमामांनी कटकट करून करून फुसाएला एक वाक्य मिळवून दिलंच. चहाच्या टपरीवालीचं. "चहा गरम आहे, सरदार." एवढंच. आठवडाभर ती भाताच्या पातेल्याला सरदार म्हणत होती. शेजारणीनं घशासाठी मुळ्याचा रस घातलेला मध पाठवला.

शूटिंगचा दिवस आला. कॅमेरा सुरू झाला आणि फुसाए चहाचं तबक घेऊन निघाली. सरदार झालेले शिराताकी बाकावर बसलेले. त्यांनी नुसतं पातं चमकतंय का ते बघायला तलवार उपसली.

सुळ्ळकन!

फुसाएनं गिरकी घेतली. तबक आभाळात, चहा गवतात, बाई आडवी. बरं, शिराताकी तरी काय कमी? जन्माची सवय! त्यांनी तलवारीवरचं नसलेलं रक्त झटकलं, ती म्यान केली आणि गंभीर चेहऱ्यानं चालू लागले.

मोरिझुमीसाहेब लाललाल झाले. "फुसाएबाई! तुम्हाला कुणी मारलंय का?"

फुसाएला वाटलं, गेलं वाक्य! पण साहेब "कट" म्हणेपर्यंत मेलेल्यानं उठायचं नाही, हा तर नियमच. डोळे मिटूनच ती गंजलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही अजून कट म्हणाला नाहीत."

दिवेवाले शिडीवरून पडायचेच बाकी राहिले. ऐंशीला टेकलेल्या ओकिझूमामांची कवळी निसटली. शिराताकी ओशाळून परत आले. "अहो, पण मी मारलं का यांना?"

शेवटी साहेबही खाली बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. "परत घ्या. अश्शीच पडा, बाई. पण पडल्या पडल्या वाक्य म्हणा. ह्याच आवाजात हं!"

तलवार बघताच मूर्च्छा येणारी आणि आडवी पडून "चहा गरम आहे, सरदार" म्हणणारी टपरीवाली लोकांना इतकी आवडली, की पोस्टमन पत्रांची गोणी घेऊन यायला लागला. शाळेतली पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायची. अकरा वर्षं ती दर आठवड्याला पडली आणि दर आठवड्याला बोलली. पडद्यावर नाव यायला लागलं. पुढे जाहिरातीत, मालिकांत कुणाकुणाची खडूस आजी झाली.

आता, पडद्यावर नाव येणाऱ्यानं शूटिंगच्या दिवशी सगळ्यांसाठी खाऊ न्यायचा असतो. फुसाएबाईनं हा मान कधी चुकवला नाही. पंचाहत्तराव्या वर्षी ती झोपेत गेली, त्याच्या आदल्या दिवशीही मिठाईच्या दुकानात गेली होती. लाल चवळीचं पुरण भरलेले तांदळाचे चाळीस लाडू मागितले. "हा चेपलाय, बदल," म्हणून दुकानवाल्या बाईशी वाद घातला आणि एक जास्तीचा उपटला. डबे उद्याच्या शूटिंगसाठी स्टुडिओच्या दारवानाकडे दिले, जास्तीचा लाडू त्याच्या हातावर ठेवला आणि संध्याकाळची भाजी घ्यायला वळली.