माझा फोन आला की नेट जायचं

"ही पोरगी घरात आली नं, तेव्हापासून नेटचं काही खरं नाई राह्यलं!"

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई गच्चीवरून गल्लीपलीकडच्या काकूंना ते सांगत होत्या, आणि मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यातच थबकले होते. वर जावं की खाली, ठरेना. शेवटी पायरीवर बादली टेकवली आणि खोटंच खोकले. वरचा विषय लगेच कैरीच्या लोणच्यावर गेला!

एका टेलिफोनच्या वायरीवर दोन घरांतले तीन कॉम्प्युटर चालवायचे ठरवले, की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात पिशव्या साठतात तसे ते साठतात. कोणी आणल्या ते आठवत नाही, टाकवत मात्र नाहीत.

आमचं घर सेलूचं. खाली सासऱ्यांचं बियाणं-खतांचं दुकान, वर आम्ही. ब्रॉडबँड तेव्हा नुकतंच गावात आलं होतं. आमच्या लग्नाआधी घराला रंग दिला, त्याच झपाट्यात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तेही घेऊन टाकलं. एक कॉम्प्युटर खाली दुकानात, एक वर हॉलमध्ये, आणि एक गल्लीपलीकडे त्यांच्या धाकट्या भावाकडे, काकांकडे. या सगळ्याचे इंजिनिअर माझे दीर, मंगेशभाऊजी. वर्ध्याला डिप्लोमा करायचे. नेट गेलं की दोन्ही घरांतून त्यांना हाका सुटायच्या. ते मोडेम बंद करायचे, चालू करायचे आणि घाम पुसायचे. डिप्लोम्यात तेवढंच शिकवलं असावं.

मी आष्टीची. बोलायची कमी, त्यामुळे दिसायचं जास्त.

माझा अख्खा दिवस मात्र एकाच गोष्टीवर टांगलेला असायचा. संध्याकाळचा मम्मीचा फोन. पप्पा गेल्यापासून ती आष्टीत एकटी. दिवसभर अंगणवाडीत, घरी आली की दिवा लावून मला फोन. घरात मोबाइल एकच, यांचा, तोही दुकानात. त्यामुळे हॉलमधला फोन हाच माझा आधार. उन्हं कलली की माझं चित्त उडायचं. कणीक भिजवताना कान हॉलकडे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून उठायची!

*

काकांच्या घरी नेट न्यायला भाऊजींनी आमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवर निळी वायर ताणली होती. चांगली घट्ट, सरळ. भाऊजी तिच्याकडे अभिमानानं बघायचे. आई, म्हणजे सासूबाई, त्याही अभिमानानं बघायच्या.

"मंगेशनं किती छान दोरी बांधून देल्ली!"

झालं! टॉवेल, परकर, साड्या. आधी हलकं, मग जड. काकांचं नेट आठवड्यातल्या ठरावीक दिवशी जायचं, ते का, हे भाऊजी पुस्तकात शोधत होते. मला गच्चीवरून दिसत होतं. पण नव्या सुनेनं सासूची चादर कशी काढायची?

एक दिवस काका स्वतःच त्यांच्या गॅलरीत आले आणि वर बघून ओरडले, "वहिनी! तुमची सोलापुरी चादर वाळली का? मले नितीनले मेल पाठवायची हाय!"

नितीन म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीला मेलबर्नला.

आई चादर सारखी करत म्हणाल्या, "पाठवा नं! मी काय धरून ठेवली का तुमची मेल?"

*

प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर द्यावा लागतो, घराला असतो तसा. भाऊजींनी हे जेवताना सांगितलं, ही त्यांची चूक.

बाबा म्हणाले, "मले नऊ दे." बाबांची स्कूटर नऊवर संपणारी, घरचा फोन नऊवर संपणारा. थोड्या वेळानं काका आले. "मंगेश, मले नऊच दे बरं का." लकी नंबरही दोन्ही भावांचा एकच! भाऊजींना नाही म्हणता येईना. त्यांनी दोघांनाही नऊ दिला.

आता नेटचं असं, की एकच नंबर दोघांना दिला की जो आधी सुरू होतो त्याचं चालतं, दुसरा बाहेर उभा राहतो. दोन्ही भावांना हे चार दिवसांत कळलं. मग काका आंघोळीआधी कॉम्प्युटर लावू लागले. बाबा चहाआधी. पुढे पुढे बाबा दात घासता घासता जिना उतरून खाली जायचे, आणि गल्लीपलीकडून काकांच्या कॉम्प्युटरचा सुरू होण्याचा आवाज आला की तोंडात ब्रश तसाच ठेवून परत वर यायचे.

शेवटी भाऊजींनी काकांना पटवलं. "काका, तुमाले नव्यान्नव देतो. डबल नऊ!" काका खूश.

बाबा दोन घास शांतपणे जेवले. मग म्हणाले, "मले तीन नऊ दे."

"तीन नऊ नाई चालत, बाबा."

"काऊन नाई चालत? कनेक्शन कोनाच्या नावावर हाय?"

*

आता सासूबाईंबद्दल सांगते, नाहीतर अन्याय होईल.

सासरी आल्यावर मला सगळ्यात जड गेलं ते इथलं वरण. आमच्याकडे वरणात गुळाचा खडा टाकतात, इथे नाही. कुणाला सांगणार? मम्मीला फोनवर हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वरणात गूळ! दोडका घशाखाली उतरत नाही असं तिलाच म्हणाले, तर दोडका घरातूनच गेला. पाय दुखतात म्हणाले, तर सकाळी आईंनी पितळी वाटीत कोमट तेल आणून समोर ठेवलं. "लाव. बोलत नाईस तर कळत नाई असं समजू नोको."

मला भरून आलं. शिवाय फोन आला की आई लसणाची ताटली उचलून आतल्या खोलीत जायच्या. नव्या सुनेनं आईशी मोकळं बोलावं, एवढी समज! मी मम्मीला सांगितलं, "मम्मी, न बोलता मनातलं ओळखणारी सासू मिळाली मले."

त्या दिवशी नेट जरा जास्तच वेळ बंद होतं.

*

मोडेम आमच्याकडे देवघराशेजारी. लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर घेतलेला आणि त्याचा मोकळा पॉइंट तिथेच होता. त्यामुळे समईच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकायचे.

खांडेनवमीला बाबांनी दुकानाचा तराजू, स्क्रू ड्रायव्हर, खताची पोती शिवायचा दाभण असं सगळं पाटावर मांडलं. मग थोडा विचार केला आणि मोडेमच्या वायरी काढून तोही पाटावर ठेवला. गंध, अक्षता, झेंडूची माळ. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत वापरायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

थोड्याच वेळात गल्लीपलीकडून हाक. "मंगेश! नेट नाई बे!"

"पूजेत बसला हाय, काका!"

"कोन?"

"मोडेम!"

काका गॅलरीत आले. मग, "त्याले म्हना, नैवेद्य खाय अन् लवकर ऊठ!"

दसऱ्याला भाऊजींनी मोडेमच्या भोकातून झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं काढल्या आणि वायरी जोडल्या. दिवसभर नेट असं पळालं की बघत राहावं. आई म्हणाल्या, "पाह्यलं? पूजा पायजे होती त्याले."

संध्याकाळी मम्मीचा फोन आला. मी रिसिव्हर कानाला लावला. थोड्या वेळानं कानात नेहमीसारखं 'खट्' झालं. आणि नेट गेलं. बाबांची पूजाही वाया गेली, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

*

शेवटी टेलिफोनचा लाइनमन बोलावला. माणूस जाणता. त्यानं हॉलमधल्या फोनजवळची छोटी पांढरी डबी दाखवली. "हे डबी फोनचा अन् नेटचा रस्ता वेगळा ठेवते. जिथं फोन, तिथं डबी पायजे. बिनडबीचा रिसिव्हर उचलला, की नेट पडलंच समजा."

"आमच्या फोनले हाय नं डबी," भाऊजी म्हणाले.

लाइनमन वायरीच्या मागे मागे सरकला. "अन् हे आत कुठं गेली?"

आई म्हणाल्या, "आत जुना फोन पडला हाय. त्याले कोनी हातबी नाई लावत."

लाइनमननं मान हलवली. चहा घेतला. तो होता तोवर नेट एकदाही गेलं नाही. आईंनी त्याला जाताना विचारलं, "भाऊ, इथंच राहाले येता का? तुमाले पाहून बरं चालते!"

*

मग भाऊजींनी शास्त्रीय पद्धत काढली. बाबांना कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलायला लावलं. नेट चालू. स्वतः मित्राशी गप्पा मारल्या. नेट चालू. मम्मीचा फोन आला, मी बोलले, आणि नेट गेलं!

"सायन्स हाय, बाबा. वहिनीच्याच फोननं जाते."

काका उतरल्या चेहऱ्यानं म्हणाले, "रविवारी एक डाव पोराचा आवाज ऐकतो मी. थोबी तुटते." त्यांचंही खोटं नव्हतं.

खोलीत येऊन यांनी मला निकाल सांगितला. येत्या रविवारी नितीनभाऊजी आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून सगळ्यांशी बोलणार. त्या वेळी मम्मीचा फोन आला आणि नेट गेलं, तर रोजचा फोन बंद. महिन्यातून एखाद्या वेळी बोलायचं.

"वाईट नोको मानजो. मधेमधे पत्र टाकत जा नं," हे म्हणाले.

मी "बरं" म्हणाले. या घरात तोवरचं माझं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं.

पण जीव थाऱ्यावर राहीना. मम्मी दिवा लावून फोनजवळ बसलेली दिसायची. हातांना काम हवं म्हणून मी घर झाडायला घेतलं. झाडता झाडता आतल्या खोलीत गेले. कोपऱ्यात स्टुलावर तो जुना फोन. पांढरी डबी नाही. शेजारी एक पाट. आणि पाटाभोवती, फोनभोवती, रिसिव्हरच्या खालीसुद्धा, लसणाची टरफलं!

मी केरसुणी धरून उभीच राहिले. ते 'खट्'. गुळाचं वरण. दोडका. पितळी वाटी.

यांना सांगावं, तर त्यांच्या आईची चुगली. न सांगावं, तर माझ्या आईचा फोन गेला. आणि खरं सांगू? रागावणं मला धड जमेना. त्या वरणाला चव होती. दोन दिवस मी कपाट लावलं, पुन्हा लावलं. डबे पुसले, पुसलेले डबे परत पुसले. आई कौतुकानं काकूंना म्हणाल्या, "पोरगी कामाची हाय. नेटचं सोडलं तर काही खोट नाई."

*

रविवार. हॉल भरलेला. काका कॉम्प्युटरच्या अगदी पुढे, काकू त्यांच्या खांद्यावरून. बाबा खुर्चीत, भाऊजी मोडेमच्या दिव्यांवर नजर लावून, हे दाराशी. स्पीकरमधून नितीनभाऊजींचा आवाज स्पष्ट येत होता.

"बाबा, ऐकू येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं, बाप्पा! बोल, बोल! जेवला का?" काका ओरडले.

आणि फोन वाजला. सगळे माझ्याकडे वळले. बाबा म्हणाले, "घे. आता पाहूनच घेऊ."

मी रिसिव्हर उचलला. भाऊजी दिव्यांकडे बघत ओरडले, "चालू हाय! चालू हाय!" काका नितीनभाऊजींना मेलबर्नच्या हवेबद्दल विचारत होते. मम्मी मला विचारत होती, जेवण झालं का.

एवढ्यात आई उठल्या. "तुमचं चालू द्या. मी आपली लसूण सोलते." ताटली घेऊन आत गेल्या.

खट्.

"...बाबा, मी पुढच्या महिन्यात..." आणि स्पीकर मुका. भाऊजींनी कपाळाला हात लावला. काका तसेच पडद्यापुढे वाकलेले. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हे जमिनीकडे बघत होते.

कानात मम्मी विचारत होती, "वैशू, सासूबाई कशा हायेत?"

मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "मजेत हायेत, मम्मी. आपल्यासोबतच हायेत. आई, लसूण मी सोलते. तुमी फोन ठेवा, नितीनभाऊजींचं बोलणं अर्धंच राह्यलं."