पाचव्या दारातला जोगवा आणि दोन खोट्या साक्षी

प्रथम दिवस नोंदवतो, कारण ज्यांनी माझी हकीकत माझ्या परवानगीशिवाय चार लोकांत सांगितली त्यांनी दिवससुद्धा धड सांगितलेले नाहीत. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला; उजवी बाजू आणि वाचा गेली. आषाढातल्या पहिल्या मंगळवारी मी आमच्या गावात पाच दारी जोगवा मागितला. दिव्याच्या अवसेला तालुक्याच्या चौकात फलक लागला, की नास्तिकाने परडी धरताच देवीने त्याच्या मुक्या बायकोला वाचा दिली. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी एका सभागृहात व्याख्यान झाले. त्यात सांगण्यात आले, की महसूल खात्यातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनाची पोलादी बुद्धी शेवटी भीतीपुढे वाकली. फलकास जबाबदार ते महाराज, ज्यांच्या सप्ताहाची जाहिरात त्याच फलकाच्या खालच्या अर्ध्या भागात होती. व्याख्यानास जबाबदार ते प्राध्यापक, ज्यांना मी वीस वर्षे मित्र म्हणत आलो. आणि तिसरा जबाबदार मी. पहिल्यांना मी ही गोष्ट ओसरीवर बसवून सांगितली, दुसऱ्यांना चार पानी पत्राने कळवली, आणि दोघेही ती जशीच्या तशी ठेवतील असे गृहीत धरले.

आता जे घडले ते सांगतो. त्यात जे नाही ते कोणी घालू नये.

आमचे गाव वाशी तालुक्यात, तेरखेड्याच्या अलीकडे. आमच्या घरात तुळजाभवानीची परडी आहे: वेताची उथळ टोपली, तीत देवीचा टाक, हळदकुंकू, आणि सोबत कवड्यांची माळ. दर मंगळवारी ती परडी घेऊन अनवाणी पाच घरी जायचे, मूठ मूठ पीठ मागायचे, आणि त्याच पिठाच्या भाकरीचा नैवेद्य दाखवून ती खायची. माझी आई हे करत असे. आई गेल्यावर मी स्पष्ट सांगितले, की ज्या घरात दोन वेळचे अन्न आहे त्या घराने भीक मागण्यात कोणतीही भक्ती नाही. तशी पत्रे मी वर्तमानपत्रांतही लिहिली, छापूनही आली. पत्नीने ती पत्रे वाचून घेतली, नीट घडी घालून ठेवली, आणि पुढच्या मंगळवारी परडी उचलून निघाली.

मी तिला एकदा अडवून विचारले होते, "देवी आहे याला तुझ्याकडे पुरावा काय?"

ती म्हणाली, "देवी हाय का न्हाय ते मला ठावं न्हाय. मंगळवार हाय, तेवढं ठावं हाय."

हे उत्तर मी चाळीस वर्षे अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत आलो. प्राध्यापकांच्या व्यासपीठावरसुद्धा सांगितले. लोक हसले, मीही हसलो.

झटक्यानंतर आठ दिवस ती सोलापूरला दवाखान्यात होती. घरी आणली तेव्हा मऊ भात, दूध, पेज असे चमच्याने घेत होती. घरी आल्यावर पहिला मंगळवार आला, आणि दुपारपासून पाणी आणि औषध सोडून कशालाही तिने तोंड उघडले नाही. बुधवारीही तेच. मी विचारले, दुखते का? मानेनेच नाही. औषध कडू लागते का? मानेनेच नाही. चाळीस वर्षे अर्ज तपासलेल्या माणसाला जे सुचावे तेच मला सुचले: मी पाटी आणली, डाव्या हातात खडू दिला आणि म्हणालो, काय हवे ते लिहून दे. तिने खडू खाली टाकला आणि भिंतीतल्या देवळीकडे पाहिले. देवळीत परडी होती. मी ती काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने डाव्या हाताने ती माझ्या पोटाला टेकवली आणि ढकलली.

मला कळले. कळूनही मी न कळल्यासारखे केले, हे येथे कबूल करतो.

गल्लीतल्या सरूबाई तिच्याबरोबर परडी घेऊन जात. मी त्यांना बोलावले आणि म्हणालो, तुम्ही आमच्या वतीने मागून आणा. शुक्रवारीही जोगवा मागतात. त्या शुक्रवारी त्यांनी पाच घरांतून पीठ आणले, स्वतः भाकरी केली, दुधात कुस्करली. पत्नीने भिंतीकडे तोंड केले. सरूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "भाऊसाहेब, म्या कितीबी मागितलं तर ते माजंच. तुमच्या घरची परडी, तिला तुमच्या घरचाच हात लागतोय. लेकरं पुण्यात. ऱ्हायलं कोण?"

थोडक्यात, मुखत्यारपत्र चालणार नव्हते.

शनिवारी डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, अशा आजारात माणूस खचतो, पण मंगळवार संध्याकाळपर्यंत पोटात अन्न गेले नाही तर परत आणा, नाकातून नळी घालावी लागेल. माझ्या पत्नीला मी ओळखतो. नळी घातली असती तर तिने ती डाव्या हाताने ओढून काढली असती, आणि मग तो हातही बांधावा लागला असता. एक हात आजाराने नेला, दुसरा आम्ही बांधायचा. हे चित्र डोळ्यांपुढे घेऊन मी तीन दिवस घरात फिरलो. बुद्धी काय सांगते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. बुद्धीचे म्हणणे एवढेच, की या परडीत, या पिठात देवी नाही. मान्य. पण समोरची बाई जेवत नव्हती, आणि त्यावर बुद्धीकडे उपाय नव्हता.

मंगळवारी सकाळी मी अंघोळ करून, चपला घरातच ठेवून परडी उचलली. कवड्यांची माळ आरशात न पाहता गळ्यात घातली. ती भक्ती नव्हती, शरम होती.

पहिले घर शेजारच्या दगडूचे. तो बाजेवर बसून दात घासत होता. मला पाहून त्याची काडी तोंडातच राहिली. "आं? भाऊसाहेब? अर्ज दोन प्रतीत आणलाय का?" मी म्हणालो, "आईचा जोगवा." आतून त्याची बायको आली, नवऱ्याला म्हणाली, "हसायलाव काय, उठा की!" आणि पीठ घातले. दुसऱ्या घरच्या म्हातारबांना वाटले मी कसली तरी चौकशी घेऊन आलो. त्यांनी आधी कागदाची पिशवी बाहेर काढली, मग परडी दिसली तेव्हा पीठ आणले. तिसऱ्या घरची सून तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला जाते, ती निघण्याच्या घाईत होती, तरी म्हणाली, "थांबा, हात धुते. कालची फटाक्याची दारू नखात बसलीया, देवीच्या पिठात नगं." तिने दोनदा हात धुतले. चौथ्या घरी पीठ मिळाले.

त्यापुढचे घर त्या गृहस्थांचे, ज्यांच्या रस्त्यात आलेल्या ओट्याविरुद्ध मी ग्रामपंचायतीत तीन तक्रारी केल्या होत्या. त्यांनी दारातूनच सांगितले, "म्होरं जावा." ते त्यांच्या हक्कात होते.

गल्ली तिथे संपते. पुढे एक पत्र्याचे घर आहे, मथुराबाईंचे. ते घर मी मुद्दाम टाळून वळलो होतो, त्याचे कारण सांगणे भाग आहे. अव्वल कारकून असताना त्यांचा निराधार पगाराचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. वयाचा पुरावा नव्हता. बाई समोर उभी होती, केस पांढरे, तोंडात दात नाहीत. आणि मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'पुराव्याअभावी अपात्र'. तो शेरा कायद्याने बरोबर होता. आजही बरोबर आहे. म्हणूनच मी त्या दारासमोरून खाली मान घालून परत निघालो होतो. परडीत चारच मुठी होत्या आणि चारांवर भागत नाही, हे माहीत असूनही.

मागून हाक आली. "भाऊसाहेब! माजं घर वगळून चाललाव व्हय?"

मी वळलो. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी जवळ गेलो. त्याच म्हणाल्या, "जोगव्याला आलाव म्हणता. दाखला हाय का?"

मी परडी पुढे धरली. त्या हसल्या, बोळक्या तोंडाने, खदखदून. आत गेल्या, आणि डबा खरवडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी ओंजळभर पीठ घातले, परडीला कुंकू लावले आणि टाकाला हात जोडले. मी विचारले, "मथुराबाई, माझा राग नाही का तुम्हाला?"

"हाय की. लई हाय. पर राग तुमच्यावर हाय, परडीवर कशाला काढू? चला, निगा आता, ती बिचारी उपाशी बसली आसंल."

मी जन्मभर दारात उभा राहिलो तो हक्काने: वसुलीसाठी, पंचनाम्यासाठी, नोटीस बजावण्यासाठी. ज्या दारातून मला काहीही मिळण्याचा अधिकार नव्हता, उलट नाकारले जाणेच न्याय्य होते, अशा दारात मी त्या सकाळी पहिल्यांदा उभा होतो. आणि मिळाले. कशाच्या आधारावर मिळाले, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. कोणत्याही कलमात ते बसत नाही. माझ्या पत्नीला ते दर मंगळवारी पाच वेळा मिळत होते, म्हणून तिला पुराव्याची चौकशी करावीशी वाटली नसावी.

भाकरी मी थापली. पाच घरांचे पीठ, ज्वारी, बाजरी, गहू, सगळे एकात. भाकरी तव्यावर जाण्याआधीच तीन ठिकाणी फाटली आणि तव्यावर एका बाजूने करपली. नैवेद्य दाखवला. ती घेऊन पत्नीसमोर बसलो तेव्हा तिने भाकरीकडे पाहिले, मग माझ्या गळ्यातल्या कवड्यांकडे पाहिले, आणि तिचे अर्धे तोंड हसले. नुसता अर्धा ओठ वर गेला. मी मऊ पापुद्रे काढून दुधात कुस्करले. तिने सहा चमचे घेतले. संध्याकाळी पुन्हा पाच. नळी टळली.

एवढेच घडले. ती बोलली नाही. आजही बोलत नाही. उजवा हात आजही मांडीवर तसाच पडून असतो. डॉक्टर म्हणाले, मन सावरले की भूक लागते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण ते खरे असू शकते. देवीने केले असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि देवीने केले नाही असे म्हणण्याइतकाही नाही. पूर्वी या जागी मी 'अपात्र' असा शेरा मारला असता. आता मी दर मंगळवारी परडी उचलतो आणि हात जोडतो. बुद्धी मी गहाण टाकलेली नाही. ती माझ्याबरोबर अनवाणी चालते, दारे मोजते, आणि पाचव्या दारात गप्प उभी राहते. शरण जाणे म्हणजे विचार बंद करणे, असे मी समजत होतो. ते खरे नाही. आपल्या बाजूने एकही कागद नसताना हात पुढे करणे, एवढेच मला त्यातले कळले आहे, आणि ते ज्यांनी मला शिकवले त्या दोन्ही बायकांचा, माझ्या पत्नीचा आणि मथुराबाईंचा, मी ऋणी आहे.

मग मला राग कशाचा? फलक लागल्यापासून आमच्या दारात माणसे येतात. तुळजापूरच्या वाटेवरून गाड्या वळवून येतात. माझ्या पत्नीसमोर बसतात आणि म्हणतात, "आई, एकदा उदो म्हणा." ती तोंड उघडते. घशातून जो आवाज निघतो त्याला शब्द म्हणता येत नाही. माणसे एकमेकांकडे बघतात, परवा एक बाई जाता जाता म्हणाली, "पाप आसंल काय तरी, म्हणून परत गेली वाचा." माझी पत्नी ऐकू शकते. त्या दिवसापासून दारात चपला वाजल्या की ती भिंतीकडे तोंड करते. आणि व्याख्यानानंतर प्राध्यापकांचे दोन विद्यार्थी तिच्यासमोर उभे राहून मला म्हणाले, की परडी विसर्जित करा, ही गुलामी आहे. तिने डाव्या हाताने परडी पदराखाली घेतली, लपवली. जी वस्तू तिने भर रस्त्यातून मिरवत नेली ती तिला स्वतःच्या घरात लपवावी लागली.

म्हणून ही जाहीर मागणी. येत्या मंगळवारी सकाळी, आमच्या गावच्या पारावर, सर्व ग्रामस्थांसमोर दोघांनी हजर राहावे. महाराजांनी सांगावे, की माझ्या पत्नीचा कोणता शब्द, कोणी, केव्हा ऐकला. सांगता येत नसेल तर फलक खोटा होता असे त्याच पारावर म्हणावे. प्राध्यापकांनी सांगावे, की मथुराबाईंच्या दारात मी कोणता युक्तिवाद करायला हवा होता, म्हणजे माझी बुद्धी ताठ राहिली असती आणि माझी पत्नीही जेवली असती. उत्तर पत्राने पाठवू नये, ते स्वीकारले जाणार नाही. मी तिला खुर्चीत बसवून पारावर आणणार आहे. जे म्हणायचे ते तिच्याकडे तोंड करून म्हणा. तिला सगळे कळते.